लंडन-बाथची जॉर्जियन टाउन हाउस: तोंड इतकं सपाट का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गच्चीवरून

जॉर्जियन म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातली, साधारण १७१४ ते १८३०. लंडनच्या ब्लूम्सबरीतला बेडफर्ड स्क्वेअर घ्या (१७७५ ते १७८३) किंवा इस्लिंग्टनमधली एखादी साधी गल्ली. घर बहुधा तीन खिडक्यांच्या रुंदीचं. दार एका कडेला, दारावर पंख्यासारखी काच. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, वर जावं तशा बुटक्या होत जातात. सगळ्यांत वर पॅरापेटची, म्हणजे छपराच्या वर नेलेल्या पुढच्या भिंतीची, सरळ रेघ, छप्पर दिसतच नाही. ना सज्जा, ना ओसरी, ना भिंतीबाहेर डोकावणारं लाकूड.

याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, १६६६ च्या आगीनंतरचे कायदे. दोन, इटलीचा सोळाव्या शतकातला वास्तुकार पॅलाडिओ, त्याची फॅशन. माझं मत असं की काम कायद्याने केलं आणि पॅलाडिओचं नाव नंतर चिकटलं. पटत नसेल तर खोडून काढा. आणि या घरांच्या दुरुस्तीतली जाणकार मंडळी इथे आहेत, त्यांनी या सपाट तोंडामागे काय दडलेलं असतं तेही लिहावं.

दरजभरे

आधी कायदे क्रमाने लावू, नाहीतर आग आणि १७७४ एकाच वाक्यात येतात आणि मधली शंभर वर्षं गायब होतात.

१६६७: बाहेरच्या भिंती वीट किंवा दगडाच्याच. घरांचे चार प्रकार ठरले. तळघर आणि पोटमाळा सोडून आडगल्लीत दोन मजले, बऱ्या रस्त्यावर तीन, मुख्य रस्त्यावर चार.

१७०७: छपराच्या कडेची लाकडी कॉर्निस (पुढे आलेली नक्षीदार पट्टी) बंद. पुढची भिंत छपरापेक्षा वर न्यायची. पॅरापेट इथून आला. दोन घरांमधली सामाईक भिंतही छपरावर १८ इंच काढायची, म्हणजे आग शेजारच्या छपरावर उडी मारणार नाही.

१७०९: खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत.

१७७४: आता चौकट नुसती आत नाही, सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडकीची पेटीसुद्धा विटेच्या मागे दडवायची. बाहेरून लाकडाची बारीक कड तेवढी दिसते.

चारही नियमांचा रोख एकच आहे. रस्त्याच्या बाजूला जळण्यासारखं काही उघडं ठेवायचं नाही. तुम्ही म्हणता तो सपाटपणा या हिशेबातून येतो.

पोटमाळा

म्हणजे लंडनचं सौंदर्य ही अग्निशमन दलाची देणगी. तरीच चेहरा इतका गंभीर.

अडसर

पोटमाळा, तेव्हा सरकारी अग्निशमन दल कुठलं? विमा कंपन्यांचे स्वतःचे बंब असत. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीचा शिशाचा किंवा तांब्याचा बिल्ला ठोकत. जुन्या घरांच्या पहिल्या मजल्याच्या उंचीवर तो अजून दिसतो. रंगकाम करताना तो काढून ठेवायचा नाही. तो घराचाच भाग धरला जातो.

आता मुद्द्यावर. दरजभरे यांची यादी बरोबर, निष्कर्ष अर्धा. हे कायदे लंडनचे. बाथ शहरातली रॉयल क्रेसेंट ही घरांची ओळ लंडनच्या कायद्याखाली नव्हती. वास्तुकार धाकट्या जॉन वुडने १७६७ ला काम सुरू केलं. ३० घरं आणि ११४ आयोनिक खांब असलेली एक अर्धगोल भिंतच ती. तिथेही पॅरापेट आहे, खिडक्या आत आहेत, पहिला मजला उंच आहे. कायदा नसताना हे कसं झालं?

शिवाय लंडनमध्येसुद्धा १७०९ नंतरच्या कित्येक घरांत चौकटी भिंतीच्या तोंडाशीच आहेत. तो कायदा लंडन आणि वेस्टमिन्स्टरपुरता होता. बाहेरच्या वस्त्यांना लागू नव्हता, आणि आतही तो सगळेच पाळत असं नाही. त्यामुळे निव्वळ चौकट बघून घराचं साल सांगणाऱ्यांपासून सावध राहा.

कप्पी_आणि_दोरी

अडसर, रॉयल क्रेसेंट मागच्या बाजूने पाहिलंय का कुणी? वुडने फक्त पुढची भिंत आखली. मागचं घर ज्याने त्याने आपल्या बिल्डरकडून बांधून घेतलं. त्यामुळे मागे छपरांची उंची वेगळी, खिडक्या वेगळ्या, कुठे जोडखोली बाहेर आलेली. इंग्रजांत म्हण आहे, पुढून राणी अ‍ॅन, मागून मेरी-अ‍ॅन. आपल्याकडे वरून कीर्तन, आतून तमाशा.

यातूनच उत्तर मिळतं असं वाटतं. पुढची भिंत हा करार होता, घर हा खासगी मामला.

तिरपा_ओळंबा

कप्पी यांनी करार हा शब्द अगदी नेमका वापरला आहे. त्याचं आर्थिक अंग पाहा. जमीन बड्या उमरावाची: बेडफर्ड, ग्रोव्हनर, पोर्टमन. तो जमीन विकत नाही, पट्ट्याने देतो, पुढे पुढे ९९ वर्षांचा पट्टा नेहमीचा झाला. बिल्डर सुतार किंवा गवंडी असे. पहिलं एक-दोन वर्षं भाडं नाममात्र, मिरीच्या एका दाण्याएवढं म्हणत. तेवढ्यात भिंती, मजले, छप्पर असा सांगाडा उभा करायचा आणि पूर्ण भाडं सुरू व्हायच्या आत गिऱ्हाईक गाठायचं. आतली सजावट गिऱ्हाइकाच्या पैशाने.

या गणितात रस्त्यावरची रुंदी सगळ्यांत महाग. म्हणून घर अरुंद, खोल आणि उंच. आणि पट्टा संपला की घर जमीनमालकाकडे परत. म्हणजे बिल्डरला ९९ वर्षं टिकण्यापलीकडे रस नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे भिंतीची गोष्ट येणार आहे.

१७७४ च्या कायद्याने घरांना प्रती (दर्जे) लावल्या. ८५० पौंडांहून जास्त किमतीचं आणि ९०० चौरस फुटांहून मोठ्या जागेवरचं ते पहिल्या प्रतीचं. दुसरी प्रत ३०० ते ८५० पौंड, ५०० ते ९०० चौरस फूट. तिसरी १५० ते ३०० पौंड, ३५० ते ५०० चौरस फूट. त्याखाली चौथी. प्रत ठरली की भिंतीची जाडी आणि पाया ठरला. बिल्डरला आयता नकाशा मिळाल्यासारखंच. एकसारखेपणा कायद्याने आला हे खरं. पण बंदीमुळे कमी आणि सोयीमुळे जास्त.

गच्चीवरून

ओळंबा, हे नवीन आहे मला. पण मग पहिला मजलाच सर्वांत उंच का? तो काही कायद्यात नाही.

अडसर

नाहीच. तो पॅलाडिओचा. तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्यावर झोपायच्या खोल्या, पोटमाळ्यात नोकर, तळघरात स्वयंपाकघर. मागे बागेपलीकडे घोडे आणि गाडीखाना. पाहुण्यांना दाखवायचा मजला पहिला, म्हणून तिथल्या खिडकीची उंची रुंदीच्या साधारण दुप्पट. वरच्या मजल्यांवर ती कमी होत पोटमाळ्यात जवळजवळ चौकोनी होते. रुंदी मात्र सगळीकडे तीच, म्हणजे खिडक्या एकाखाली एक ओळंब्यात येतात.

एक खबरदारी. अनेक घरांत पहिल्या मजल्याच्या खिडक्या नंतर जमिनीपर्यंत खाली आणून बाहेर लोखंडी बाल्कनी लावलेली असते. खिडकीखालच्या विटांचा रंग किंवा बाजूच्या दरजा वेगळ्या दिसल्या की ओळखायचं. तेव्हा आज दिसणारं प्रमाण मूळचंच असेल असं गृहीत धरू नका.

पोटमाळा

तळघरात स्वयंपाक, जेवण एक मजला वर, दिवाणखाना दोन मजले वर. सूप गार होऊनच यायचं म्हणा की. आणि माझं नाव नोकरांच्या खोलीचं निघालं हे आजच कळलं.

चौसोपी

तळघर शब्द थोडा फसवा आहे. पुष्कळ ठिकाणी ते मागच्या बागेच्या पातळीला असतं. पायासाठी खणलेली माती रस्त्यावर टाकून रस्ताच वर उचलत. म्हणून पुढून पाहिलं तर खोल खड्डा, मागून पाहिलं तर सरळ बागेत दार. पुढच्या त्या उघड्या खड्ड्याला तिकडे एरिया म्हणतात. तळघराला उजेड-वारा तिथून, नोकरांची ये-जा तिथून. एरियाच्या पलीकडे फुटपाथच्या पोटात कमानीच्या कोळशाच्या खोल्या. फुटपाथवर बिडाचं गोल झाकण, साधारण फूटभर व्यासाचं. कोळसेवाला वरून ओतून मोकळा, घरात काळं पाऊल पडत नाही. झाकण गोल, म्हणून कसंही फिरवलं तरी भोकात पडत नाही. आणि भोक इतकं लहान की माणूस उतरू शकत नाही.

शेवाळ

त्या कोळशाच्या खोल्या हल्ली बाथरूम नाहीतर वाइन ठेवायची जागा करायला घेतात आणि पहिलं काम म्हणून आतून सिमेंटचा जलरोधक गिलावा मारतात. पाणी थांबत नाही, ते शेजारच्या भिंतीत चढतं. कमानीवर फुटपाथची फरशी आणि माती आहे, पाणी येतच राहणार. चालणारी पद्धत म्हणजे आत खाचा-उंचवट्यांचा प्लास्टिक पत्रा लावायचा, मागे फट ठेवायची, खाली पन्हळ आणि पंप. पाणी अडवायचं नाही, वाट द्यायची. पंपाला बॅटरीची जोड हवीच, कारण मोठ्या पावसातच वीज जाते.

आता छपराकडे. पॅरापेटची रेघ सगळ्यांना आवडते, पण या घरांचं सगळ्यांत मोठं दुखणं तीच आहे. त्यामागे छप्पर इंग्रजी एम सारखं किंवा दोन्ही बाजूंनी मध्ये उतरणारं असतं. पाणी मधल्या नाहीतर पॅरापेटमागच्या शिशाच्या पन्हळीत जमतं आणि एकाच तोंडाने मागे जातं. काही घरांत तर पुढचं पाणी पोटमाळ्यातून लाकडी, शिसं मढवलेल्या नाळीने मागे नेलेलं असतं. एक कबुतराचं घरटं पुरतं. पन्हळ भरली की पाणी थेट भिंतीच्या माथ्यात आणि तुळयांच्या टोकांत. वर्षातून दोनदा साफ करायची, पानगळ झाल्यावर आणि वसंतात.

शिशाची दुसरी गोम: लांब पत्रा उन्हात वाढतो, थंडीत आखडतो आणि त्याच जागी पुनःपुन्हा वाकून चिरतो. पत्र्यांचे तुकडे लहान ठेवून मध्ये पायरी द्यायची असते. स्वस्तात काम करणारा पायरी टाळून सलग पत्रा टाकतो. काही वर्षांत चीर. मग डांबर. मग डांबराखाली न दिसणारी चीर.

दरजभरे

शेवाळ +१. आता भिंत.

लंडनची पिवळसर स्टॉक वीट म्हणजे चिकणमाती, खडू आणि शहराच्या केरातली चाळलेली राख. राखेतल्या अर्धवट जळलेल्या कोळशामुळे वीट आतूनही भाजली जाते. चुन्यातला बांध. रचना फ्लेमिश बाँड: एका थरात एक आडवी लांब वीट, मग एक हेडर, म्हणजे जिचं नुसतं डोकं दिसतं आणि अंग भिंतीत खोल जातं ती, मग परत लांब. हेडरचं काम पुढचा पापुद्रा मागच्या भिंतीला शिवायचं.

आता ओळंबा यांचं ९९ वर्षांचं वाक्य आठवा. दर्शनी वीट महाग, मागची स्वस्त. बिल्डर काय करी, तर हेडर मधोमध फोडून अर्धीच वापरी. एका विटेत दोन डोकी. बाहेरून बाँड शुद्ध फ्लेमिश, आत शिवणच नाही. साडेचार इंचांचा पापुद्रा नुसता टेकून उभा. त्यात पुढच्या आणि मागच्या विटांची जाडी जुळत नसे, म्हणून खरा हेडर जेमतेम चार-सहा थरांनी एखादा बसे.

भर म्हणून भिंतीत आतून आडव्या लाकडी पट्ट्या चिणत, ओली भिंत सरळ राहावी आणि आतली लाकडी चौकट ठोकता यावी म्हणून. शंभर वर्षांत त्या कुजतात, आतली बाजू बसते, पुढची बाहेर फुगते.

तिरपा_ओळंबा

हेच लिहायला आलो होतो. थोडी भर. मजल्याच्या कड्या (जमिनीखालची आडवी लाकडं) सामाईक भिंतीपासून सामाईक भिंतीपर्यंत टाकल्या असतील तर दर्शनी भिंतीला चार मजले कुणी धरलेलंच नसतं. फुगवटा असेल तर आधी ही दिशा पाहायची. जमिनीच्या फळ्या कड्यांना काटकोनात असतात, तेव्हा गालिचा उचलला की उत्तर मिळतं.

क्रम असा: वरून ओळंबा सोडून दर थोड्या उंचीवर भिंत किती बाहेर आहे ते लिहून काढा. मग लाकडी हातोडीने ठोका. पोकळ आवाज आला तर पापुद्रा सुटलाय, भरीव आला तर सगळी भिंतच कललीय. दोन्हींचं औषध वेगळं. पापुद्रा सुटला असेल तर दरजांतून बारीक भोकं पाडून पिळाच्या स्टेनलेस सळ्या. सगळी भिंत कलली असेल तर मजल्याच्या पातळीला स्टेनलेस पट्ट्या, आणि त्या एका कडीला नाही, मध्ये आडवे ठोकळे घालून तीन-चार कड्यांना बांधायच्या. वजनाची रेषा भिंतीच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागातून बाहेर गेली असेल तर सळ्या-पट्ट्यांचा विचार सोडा आणि तो भाग उतरवून पुन्हा रचा.

पुढची वाढ चालू आहे की शंभर वर्षांपूर्वीच थांबली, हे कळायला किमान एक वर्ष मोजमाप हवं. उन्हाळा-हिवाळ्याची हालचाल वेगळी काढता आली पाहिजे. घाईत पाडलेल्या सरळ भिंतींपेक्षा स्वस्थ उभ्या वाकड्या भिंती बऱ्या.

खिडकीवेडी

वाचनखूण साठवली. दरजभरे, सिमेंटने दरजा भरल्या तर नेमकं काय बिघडतं? सगळे नको म्हणतात, कारण कुणी सांगत नाही.

दरजभरे

ताई, भिंतीत पाणी शिरतंच. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून पाणी दरजेतून वाळतं, झीजही दरजेची होते. सिमेंटची दरज विटेपेक्षा कठीण. मग पाणी विटेतूनच बाहेर पडू पाहतं, थंडीत तिथेच गोठतं आणि विटेचं तोंड पापडासारखं सुटतं. शेवटी विटा आत गेलेल्या आणि सिमेंटची जाळी बाहेर, असं उलटं चित्र दिसतं.

दुरुस्ती: दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल, किमान २० ते २५ मिमी उकरायची. छिन्नीने, अँगल ग्राइंडरने नाही. त्याचं पातं उभ्या दरजेत हटकून वरखालच्या विटा कापतं. धूळ काढून भिंत ओली करायची. एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि वाळू चाळून एकाच मापाची नको, जाडबारीक मिसळलेली हवी. दाबून भरायचं, अर्धवट सुकल्यावर ताठ ब्रशने ठोकायचं. ओलं गोणपाट काही दिवस. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर कामच काढायचं नाही, म्हणजे तिकडे ऑक्टोबर ते मार्च बहुतेक वेळ हात बांधलेले.

टक पॉइंटिंग वेगळं. त्यात दरज आधी विटेच्या रंगाच्या चुन्याने सपाट भरायची आणि वर पांढऱ्या चुन्याची तीन-चार मिमीची उठलेली रेघ ओढायची. ओबडधोबड वीट महागड्या घासलेल्या विटेसारखी भासवण्याची ही युक्ती.

पोटमाळा

फोडलेले हेडर, रंगवलेल्या दरजा, मागून मेरी-अ‍ॅन. एकंदरीत हे स्थापत्य म्हणजे लग्नातला भाड्याचा शेरवानी.

कप्पी_आणि_दोरी

भाड्याची शेरवानी. बाकी सहमत.

खिडकीवेडी यांचं नाव पाहून सॅश खिडकीबद्दल लिहितो. वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपा, दोन्ही बाजूंच्या पोकळ पेट्यांत वजनं, सुती दोरी आणि कप्पी. एका झडपेला दोन वजनं. वरच्या झडपेची दोन्ही वजनं मिळून झडपेपेक्षा साधारण अर्धा किलो जास्त, म्हणजे ती आपोआप वर मिटून राहते. खालच्या झडपेची मिळून अर्धा किलो कमी, म्हणजे ती खाली बसून राहते. खिडकी आपोआप उघडते किंवा बंदच राहत नाही, याचं कारण दहातल्या नऊ वेळा ही वजनं अदलाबदल झालेली असतात.

दोरी बदलताना: आतल्या बाजूची पट्टी मधल्यापासून सुरुवात करून उचकटा, टोकापासून केली तर मोडते. आधी रंगाची शिवण पातळ पात्याने कापा. खालची झडप आत घ्या, दोऱ्या कापण्याआधी हातात धरा आणि कापल्यावर वजन हळूच सोडा, नाहीतर पेटीचा तळ फुटतो. मग मधली बारीक पट्टी. ही बहुधा मोडतेच, नवी आणून ठेवा. मग वरची झडप. पेटीच्या कडेला खाली एक सुटा लाकडी तुकडा असतो, रंगाच्या थरांखाली दिसत नाही, तो काढून वजनं बाहेर काढा. दोरी कप्पीवरून आत घालायला बारीक सुतळीला शिशाचा छोटा वाकवलेला तुकडा बांधतात, त्याला उंदीर म्हणतात. लांबी अशी ठेवा की खालची झडप पूर्ण वर असताना वजन पेटीच्या तळापासून दोन इंच वर लटकेल. तळाला टेकलं तर दोरी ढिली पडते आणि झडप शेवटचे काही इंच जड होते.

जुने रंग खरवडताना कोरडा पॉलिश पेपर अजिबात नको. खालच्या थरांत शिसं असतंच.

अडसर

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. झडपेच्या मधल्या आडव्या पट्टीखाली जी कोरीव शिंगं दिसतात ती जॉर्जियन नाहीत. व्हिक्टोरियन काळात (१८३७ नंतर) काचा मोठ्या आणि जड झाल्या, मधल्या बारीक पट्ट्या गेल्या, तेव्हा सांधा बळकट करायला ती आली. सहा-सहा काचांच्या झडपेला शिंगं दिसली तर झडप नंतरची.

दुसरा गैरसमज: चिणलेली खिडकी म्हणजे खिडकी-कर चुकवलेला. कर १६९६ ते १८५१ होता, आणि काही खिडक्या त्यासाठी बुजल्याही. पण कित्येक आंधळ्या खिडक्या मुळातच समतोल साधायला केलेल्या, कारण मागे धुराडं किंवा सामाईक भिंत येते. ओळखायचं असं: भरावाच्या विटा बाजूच्या विटांत गुंतल्या असतील तर मूळच्या. मध्ये सरळ उभी दरज असेल तर नंतर बुजवलेली.

खिडकीवेडी

जुनी काच खाली वितळून जाड होते म्हणतात, तेही खोटंच ना?

कप्पी_आणि_दोरी

खोटं. जुनी क्राउन काच फुंकून, गरगर फिरवून तबकडी करत आणि तिचे तुकडे कापत. तबकडी सगळीकडे सारख्या जाडीची नसतेच, म्हणून तुकडा एका कडेला जाड. काही तुकडे जाड कड वर ठेवूनही बसवलेले सापडतात. तिची खूण म्हणजे किंचित फुगवटा आणि कमानीसारख्या फिकट रेघा. फुटली तर तशी परत मिळणं कठीण, म्हणून पुट्टी काढताना उष्णतेचा झोत काचेवर नेऊ नका.

आणि दुहेरी काच घालायचा मोह झाला तर आधी वजन मोजा. ४ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला २० किलो. बिडाची वजनं पेटीत मावत नाहीत, शिशाची घ्यावी लागतात. शिसं बिडाच्या दीडपटीहून जड. बहुतेक ठिकाणी मूळ झडप ठेवून आतून वेगळी दुसरी काच लावणं हेच शहाणपण, आणि परवानगीही त्याचीच लवकर मिळते.

तिरपा_ओळंबा

परवानगीवरून: ही घरं बहुतेक लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेली असतात, ग्रेड एक, दोन-तारा किंवा दोन. लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भाग नाही, आतला जिनासुद्धा. संमतीशिवाय बदल हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, १९९० च्या कायद्याने. सामाईक भिंतीसाठी १९९६ चा वेगळा कायदा, त्यात भिंतीच्या कामाला शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस.

आणि जिन्याला हात लावणाऱ्यांनी हे वाचाच. दगडी जिना एका बाजूने भिंतीत, दुसरी बाजू हवेत. लोक म्हणतात पायऱ्या भिंतीने तोलल्यात. तसं नाही. पायरी भिंतीत जेमतेम चार-पाच इंच असते, एवढ्यावर दगड तुटेल. खरं काम असं: प्रत्येक पायरीची पुढची कड खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर खाच करून टेकलेली. वजन पायरीवरून पायरीवर उतरत तळापर्यंत जातं. भिंत फक्त पायरीला पिळवटू देत नाही, आणि तेही वरच्या भिंतीच्या भारामुळे.

म्हणून तीन गोष्टी करायच्या नाहीत. सगळ्यांत खालची पायरी काढायची नाही. तळघराचा जिना वेगळा करताना नेमकी हीच चूक होते. पायऱ्यांच्या लगत भिंतीत नळासाठी चर पाडायचा नाही. आणि पायरी-पायरीच्या सांध्यात रबरी सीलंट भरायचं नाही. तिथे दगडाला दगड भिडलेला हवा. कठड्याचे लोखंडी गज शिशात बसवलेले असतात. शिसं सुटून पाणी आत गेलं की लोखंड गंजून फुगतं आणि पायरीचा कोपरा उडतो.

मागच्या-पुढच्या खोल्यांमधली भिंतही साधी समजू नका. लाकडी उभे-आडवे-तिरपे वासे, त्यावर लाकडाच्या बारीक पट्ट्या (लाथ) आणि चुन्याचा गिलावा. ती वरच्या मजल्यांचं वजन पेलणारी कैचीच असते. मोठी खोली करायला त्यात दार पाडून तिरपा वासा कापला की दोन मजले वर जमिनीला उतार येतो आणि दरवाजे तिरके होतात. ठोकून पोकळ वाटली म्हणून पाडलेल्या भिंतींनीच या घरांचं सगळ्यांत जास्त नुकसान केलंय.

चौसोपी

अवांतर: लंडनच्या टाउन हाउसशी आपला संबंध म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. राहत्या घराचं संग्रहालय करण्यावरून कॅमडेन कौन्सिलशी वाद झाला, शेवटी अपिलात २०२० ला परवानगी मिळाली. तेही असंच सपाट आहे का?

अडसर

ते व्हिक्टोरियन, जॉर्जियन नाही. ओळीतलं, अरुंद, चार मजली हा साचा मात्र तोच चालू राहिला. लोकमान्यांचं १९१८-१९ मधलं बिऱ्हाड मेडा व्हेलच्या हाउली प्लेसमध्ये होतं. तो गिलाव्याचा परिसर. स्टको, म्हणजे हा बाहेरचा गिलावा, वेगळ्या धाग्याचा विषय, पण एक ओळ: १७९६ च्या पेटंटचं रोमन सिमेंट आल्यावर विटा झाकून दगड भासवणं स्वस्त झालं, आणि वास्तुकार नॅशने रीजंट्स पार्कभोवती तेच केलं.

संग्रहालयाच्या निमित्ताने तांत्रिक मुद्दा: घराचा लाकडी मजला घरच्या वावरासाठी आखलेला. गर्दी किंवा कागदपत्रांची कपाटं आली की कड्या तपासाव्या लागतात, विशेषतः भिंतीत शिरलेली टोकं. तिथे बारीक गिरमिट चालवून भुसा बघायचा. कोरडा आणि फिका असेल तर ठीक, काळपट ओला असेल तर टोक गेलंय.

गच्चीवरून

मूळ प्रश्नावर येतो. माझं कायद्यानेच केलं हे विधान मागे घेतो. पण अडसर यांची निव्वळ फॅशनही पटत नाही. बाथचं उदाहरण मला आता असं दिसतं: तिथे कायद्याची जागा पट्ट्याच्या अटीने घेतली, दर्शनी भिंत वुडच्या नकाशाप्रमाणेच हवी. लंडनमध्ये ते काम कायदा आणि जमीनमालक दोघांनी केलं. खिडक्यांचं प्रमाण पॅलाडिओचं, चौकटीची खोली पार्लमेंटची, फोडलेले हेडर बिल्डरचे.

अडसर

एवढं मान्य. एकच दुरुस्ती. पार्लमेंटने चौकट लपवायला सांगितली, पण १७७४ च्या आधीच काचांमधल्या लाकडी पट्ट्या बारीक होत चालल्या होत्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दीड-दोन इंच, १८०० पर्यंत जेमतेम पाच अष्टमांश इंच. लाकूड दिसू नये ही आवड कायद्याच्या बरोबरीने चालत होती.

खिडकीवेडी

कप्पी, शेवटचं एक. दोरी झडपेला खिळ्याने ठोकायची की गाठ मारायची?

कप्पी_आणि_दोरी

झडपेच्या कडेला खोबण असेल तर खिळे, मोठ्या डोक्याचे, बुटके. पण सगळे खालच्या भागात. झडप पूर्ण वर गेली की खोबणीचा वरचा भाग कप्पीसमोर येतो, तिथे खिळा असला तर दोरी कप्पीवर फिरत नाही. खोबणीखाली गोल भोक असेल तर गाठ. वजनाच्या टोकाला नेहमी गाठच, आणि दोरी आधी ताणून ठेवा, नवी सुती दोरी पहिल्या महिन्यात लांबते.